वस्तऱ्याखाली न सरकलेली गाठ

शेठ माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आले ते उघड्या अंगाने, धोतर नेसून, डोक्यावर ओला टॉवेल दाबून आणि प्रचंड चिडलेले. त्या दिवशी त्यांच्या वडिलांचा दहावा होता. गोदाघाटावर मुंडण करताना डोक्याच्या मागच्या बाजूला वस्तरा लागला होता आणि रक्त थांबत नव्हतं. गुरुजींनी सांगितलं होतं, लवकर या, माझ्यामागे अजून चार दहावे आहेत.

घाटावर मुंडण करणारे काका माझे जुने रुग्ण. दिवसभर पाणी, साबण आणि लोकांची डोकी, त्यामुळे त्यांच्या हातांना बारमाही इसब. त्यांनीच शेठना माझ्याकडे पाठवलं होतं. पाठवताना मी कशाची डॉक्टर आहे ते सांगितलं नव्हतं, हे बरं केलं. सांगितलं असतं तर शेठ आलेच नसते. कातडीच्या डॉक्टरला आपल्याकडे डॉक्टर धरत नाहीत. माझ्या सासूबाई पाहुण्यांना माझी ओळख करून देताना "सूनबाई डॉक्टर आहे" एवढं म्हणून चटकन विषय बदलायच्या. पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून.

"आधी रक्त थांबवा," शेठ म्हणाले, "मग नाव-गाव लिहा. बाप तिकडं खोळंबलाय."

त्यांच्या मागे त्यांची बायको उभी होती, हातात त्यांचा सदरा आणि चपला घेऊन. ती म्हणाली, "ते खोळंबायचे नाहीत आता. तुम्ही नीट बसा."

मी टॉवेल काढला. डोक्याच्या मागे शेंगदाण्याएवढी लालसर गाठ होती आणि तिच्या टोकाला नखाएवढी चीर. शेजारी हरभऱ्याएवढी आणखी एक. बाहेर माझी गर्दी होती. त्या गर्दीत एक नवरी होती, तिचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि नेमकी नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी उठली होती. आमच्या शाखेत तातडीचा रुग्ण म्हणतात तो हा. ती दर दोन मिनिटांनी दार किलकिलं करून आत बघत होती.

मी गॉझ दाबून धरला, एक टाका घातला, पट्टी बांधली आणि कागदावर लिहिलं, मेदगाठ.

"चरबीची गाठ आहे. डोक्यात होतात अशा. सवडीने काढून टाकू," मी म्हणाले.

"वाईट काही नाही ना?" बायकोने विचारलं.

"छे!" मी म्हणाले.

शेठ उठले, पट्टीवरून पुन्हा टॉवेल गुंडाळला आणि बापाला वाटेला लावायला निघून गेले. मी नवरीला आत घेतलं. तिच्या नाकाकडे मी भिंग लावून, दिवा जवळ ओढून, सात-आठ मिनिटं पाहिलं. हे मला आजही लख्ख आठवतं आणि आजही लाज वाटते.

तीन आठवड्यांनी काका हात दाखवायला आले. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. नेहमीप्रमाणे मी हातमोजे घालून काम करा म्हणून सांगितलं आणि नेहमीप्रमाणे त्यांनी "मोज्यातून डोकं कळत नाही बाई" असं उत्तर दिलं. मी मलम लिहून देत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या सातपूरच्या शेठचं काय झालं?"

"काही नाही. मेदगाठ होती. जखम भरली असेल."

 काका खुर्चीत जरा पुढे सरकले. "बाई, रागावू नका. ती चरबीची नव्हती."

मी लिहायची थांबले.

"चरबीची गाठ वस्तऱ्याला वाट देते," ते म्हणाले. "असं अंगठ्यानं दाबलं की बाजूला सरकते आणि वस्तरा वरून निघून जातो. कितीतरी डोक्यांत असतात, मला सवय आहे. ही सरकली नाही. रुतून बसलेली. तिला वाट काढायला गेलो आणि म्हणून तर लागलं. वस्तरा नुसता टेकला होता, पण रक्त बघा केवढं. एवढ्याशा चिरेला एवढं रक्त मी कधी पाहिलं नाही."

मला आधी राग आला. माझ्या भिंतीवर दोन पदव्या टांगलेल्या आहेत, वर काच आहे, काचेला रोज फडकं मारतात. आणि समोर हा गृहस्थ मला गाठींचे प्रकार समजावून सांगत होता, तेही माझ्याच इसबाच्या मलमाची वाट बघत. राग दोनेक मिनिटं टिकला. मग मला आठवलं की त्या दिवशी मी गॉझ दाबला होता, गाठ दाबलीच नव्हती. गाठ बोटांच्या चिमटीत धरायची, हलवून बघायची, कातडीत आहे की कातडीखाली ते बघायचं, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. मी नुसतं बघितलं होतं. शेठच्या पूर्ण डोक्याला मी जितका वेळ दिला त्याच्या दुप्पट वेळ नवरीच्या नाकाला दिला होता.

काका गेल्यावर मी शेठना फोन केला.

"म्याडम, जखम भरली. कशाला बोलावताय? मशीनवर लय काम हाय."

"गाठ परत बघायचीय."

"तुम्हीच म्हणाल्या चरबीची हाय म्हणून."

"मी नीट बघितली नव्हती."

पलीकडे मशीनचा आवाज होता. मग ते म्हणाले, "उद्या येतो."

शेठ मूळचे विंचूरकडच्या शेतकरी घरातले. धाकट्या भावाने कांदा आणि द्राक्षं सांभाळली, हे तरुणपणी सातपूरच्या कारखान्यांत कामगार म्हणून आले आणि पुढे स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. गाड्यांचे सुटे भाग करायचे, दहा-बारा माणसं हाताखाली. माणूस मापात जगणारा. दुसऱ्या दिवशी आले ते खिशातून एक कागद काढतच. कागदावर आकडे होते.

"हे काय?"

"गाठीचं माप. पट्टी निघाली त्या दिवसापासून घेतोय. व्हर्नियर लावून." त्यांनी वर्कशॉपातलं ते मोजायचं यंत्र सोबत आणलं होतं, मखमलीच्या डबीत. "पहिल्या दिवशी बारा मिलिमीटर. काल साडेचौदा."

"तुम्हाला कुणी सांगितलं मोजायला?"

"सुटा भाग आपोआप फुगायला लागला तर माणूस मोजणारच ना?"

मी यावेळी दिवा जवळ ओढला, दार लावून घेतलं आणि गाठ चिमटीत धरली. काका म्हणाले होते तशीच होती. टणक, जागेला चिकटलेली. शर्टाचं बटण कातडीच्या आत शिवून टाकावं तशी. दुखत नव्हती. भिंगातून वेड्यावाकड्या लाल शिरा दिसत होत्या. केस आता उगवत होते, पण गाठीवर नाही. कानामागे एक तिसरी होती, त्यांच्या कागदावर तिची नोंद नव्हती. मग मी मान चाचपली. गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात, उजव्या बाजूला, आणखी एक लागली.

"खोकला आहे?"

"खोकला घरचाच हाय. वर्कशॉपात तेलाचा धूर असतो."

"किती दिवस?"

"असेल चार-पाच महिने."

"वजन?"

"कमी झालंय. बारा दिवस सुतक पाळलं, वरणभातावर होतो."

"पाठ, हाडं दुखतात?"

"म्याडम, सकाळपासून सांजपर्यंत मशीनवर वाकून उभं राहून बघा, तुमची नाय दुखणार का?"

सगळ्याला त्यांच्याकडे उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर चांगलं होतं. एकेकटं ऐकलं असतं तर मीही मान डोलावली असती.

शरीरात आत कुठे कॅन्सर असला तर त्याच्या पेशी रक्तातून फिरत फिरत कधीकधी कातडीत येऊन रुजतात. बहुतेकदा आजार आधीच माहीत असतो आणि गाठ मागून येते. पण काही वेळा उलटं होतं. आतला मूळचा कॅन्सर मुकाट बसलेला असतो आणि कातडीच पहिल्यांदा बोलते. छातीवर येतात, बेंबीत येतात, आणि डोक्यावर तर हमखास, कारण तिथे रक्त भरपूर. कॉलेजात आमच्या सरांनी एकदा एका आजींची बेंबी दाखवून आम्हाला विचारलं होतं, हे काय? आम्ही सगळ्यांनी मळ साचलाय म्हणून सांगितलं. सर म्हणाले, बेंबी न बघणाऱ्या डॉक्टरने निदान नाक तरी खुपसू नये. त्या आजींच्या जठरात कॅन्सर निघाला. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असण्याचा उपयोग किती, ते तीन आठवड्यांपूर्वी सिद्ध झालंच होतं.

"तुकडा काढून तपासायला पाठवू या," मी म्हणाले.

"कसा काढणार?"

मी पंच दाखवला. पेनासारखी दांडी, टोकाला गोल धारदार नळी. पट्ट्याला भोक पाडतात तसं कातडीचं गोल भोक पडतं.

शेठनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "कितीचा हाय?"

"चार मिलिमीटर."

"धार बरी दिसतीय. परत धार लावता का फेकता?"

"फेकतो."

"लय चैन हाय तुमची."

सुई टोचताना ते कण्हले नाहीत, पण बायकोचा हात एवढा घट्ट धरला की तीच ओरडली. तुकडा छोट्या बाटलीत गेला, बाटली माझ्या मैत्रिणीकडे गेली. आम्ही एकाच बॅचच्या. मी रुग्ण बघायला घेतले, तिने सूक्ष्मदर्शक घेतला, कारण तिच्या मते रुग्ण फार बोलतात. ती बारा महिने एका अंधाऱ्या खोलीत बसून काचांवरचे तुकडे बघते आणि चिवडा खाते.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. कुरकुर आवाज येत होता.

"हे तुझ्या कातडीचं नाहीये गं."

"मग?"

"वरची कातडी अगदी शहाण्यासारखी जागच्या जागी आहे. खाली भलतेच लोक येऊन राहिलेत. ग्रंथी करून बसलेत. कातडीत असल्या ग्रंथी नसतात."

"कुठून आलेत?"

"विचारते त्यांना. वेगवेगळे रंग लावून बघते. फुप्फुसाच्या पेशी एक रंग घेतात, आतड्याच्या दुसरा. चार दिवस दे मला." चिवड्याचा आवाज थांबला. "माणूस कसा आहे?"

"बरा आहे. व्हर्नियर घेऊन फिरतो."

चार दिवसांनी तिने एकच शब्द सांगितला. फुप्फुस.

मी शेठना छातीचा सीटी स्कॅन करून यायला सांगितलं. फोनवर कारण सांगितलं नाही, तुकड्याचा रिपोर्ट अजून तपासतोय एवढंच म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला लिंबाएवढा गोळा होता. पाठीच्या दोन मणक्यांतही डाग होते.

रिपोर्टच्या दिवशी शेठ गाडी लावत होते तेवढ्यात त्यांची बायको पुढे आली. तिने आत येऊन दार लोटलं आणि हात जोडले.

"म्याडम, जे काय असेल ते मला सांगा. ह्यांना सांगू नका. हे सहन नाय करायचे."

तिच्या मागे दार उघडलं. "काय सांगू नका?" शेठनी विचारलं.

तिने पदर तोंडाला लावला. ती अख्खी रात्र घोकून आली असणार, आणि गाडीला जागा पटकन मिळाल्यामुळे सगळं वाया गेलं.

मी दोघांना बसवलं आणि सांगितलं. कॅन्सर आहे. फुप्फुसात सुरू झाला आणि तिथून कातडीत आला. डोक्यावरच्या गाठी त्याच्याच.

शेठ रिपोर्टवरून बोट फिरवत राहिले. इंग्रजी त्यांना येत होतं तेवढं येत होतं.

"छातीतला डोक्यात कसा गेला?"

"रक्तातून."

"म्हणजे माल बनतो एकीकडं आणि डिलिव्हरी दुसरीकडं." ते हसले. एकटेच. मग हसू गेलं आणि चेहरा लाल झाला. "बिडी नाय. सिगरेट नाय. तंबाखू हातात धरली नाय. माझ्यासोबत कामाला लागलेले दोघं जण रोज दोन पाकिटं ओढतात, ते ठणठणीत. आमच्या शेतातली द्राक्षं वायनरीत जातात, घरात बाटल्या येतात, मी झाकण उघडून वास घेतला नाय कधी! मंग मला का?"

"बिडी न ओढणाऱ्यालाही होतो."

"मग सांगायचं ना आधी. ओढली असती."

बायको म्हणाली, "अहो!"

मला अजून एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला मला कॅन्सर सांगण्यापेक्षा जड गेली. "पहिल्या दिवशी मी गाठ नीट बघितली नाही. चरबीची म्हणून सोडली. तीन आठवडे माझ्यामुळे गेले. घाटावरच्या काकांनी सांगितलं म्हणून मी तुम्हाला परत बोलावलं."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. "तीन आठवड्यांनी काही फरक पडला असता?"

"बहुतेक नाही. पण ते त्या दिवशी मला माहीत नव्हतं."

त्यांनी रिपोर्टची घडी घातली, उलगडली, परत घातली. "तीस वर्षं धंदा केला," ते म्हणाले. "माल खराब दिला असं कबूल करणारा माणूस पहिल्यांदा भेटला." ही माफी होती की टोमणा, ते मी विचारलं नाही.

त्यानंतरचे दिवस कॅन्सरच्या डॉक्टरांचे होते आणि माझं काम संपलं असं मी समजत होते. पंधराएक दिवसांनी काका आले. हात बघून मी दचकले. भेगांतून रक्त येत होतं. रोज रात्री गरम पाण्यात हात बुडवून बसत होते, म्हणाले.

"कशाला?"

"धुवायला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, खरं सांगा. माझ्या हातानं झालं का?"

शेठच्या बायकोने सगळ्या भावकीत सांगितलं होतं की वस्तरा लागला, रक्त निघालं आणि त्यातूनच कॅन्सर पसरला. गाठीला लोखंड लागलं की ती चवताळते, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं, कारण दोष द्यायला एक माणूस मिळाला. गोष्ट घाटावर पोचली. शेठच्या बाजूच्या गावांचे लोक आता दुसऱ्याकडे बसत होते. एकाने तर अर्धं डोकं झाल्यावर नाव विचारलं आणि उरलेलं अर्धं शेजाऱ्याकडून करून घेतलं.

"तुमच्या वस्तऱ्याचा काही संबंध नाही," मी म्हणाले. "तो आजार कितीतरी आधीपासून छातीत होता."

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

मी पुष्कळ समजावलं. ते मान हलवत होते, पण हात मांडीवर पालथे ठेवले होते, मला दिसू नयेत असे. तेव्हा मी त्यांच्यासमोरच शेठना फोन लावला आणि त्यांना बायकोसकट दुसऱ्या दिवशी बोलावलं. काकांनाही तीच वेळ दिली. ते येणार नाहीत असं मला वाटत होतं, पण ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले, स्वच्छ शर्ट घालून, कोर्टात आल्यासारखे.

शेठची बायको आत आली, काकांना बघून जागीच थांबली. "हे इथं कशाला?"

"बसा," मी म्हणाले, आणि सीटी स्कॅनची फिल्म दिव्यावर लावली. "हा गोळा बघा. एवढा व्हायला महिनोन्‌महिने लागतात. वस्तरा लागला त्याला किती दिवस झाले? दीड महिना. आणि डोक्यावरच्या गाठी वस्तरा लागायच्या आधीच होत्या. होत्या म्हणून तर वस्तरा लागला."

ती फिल्मकडे बघत राहिली. शेठ म्हणाले, "मी हिला हेच सांगत होतो. भाग मशीनवर चढायच्या आधीच वाकडा होता."

"तुमचं मशीन घाला चुलीत," ती म्हणाली. पण आवाज उतरला होता. तिने काकांकडे वळून विचारलं, "मग तुम्ही म्याडमकडं सांगायला कशाला आला होता? तुमचं काय अडलं होतं?"

काका म्हणाले, "काही नाही. डोकं हातात धरलं होतं ना. राहवलं नाही."

 तिची नजर काकांच्या हातांवर गेली. तिने ते पाहिले, नाक ओढलं, आणि दारातून डोकं बाहेर काढून माझ्या रिसेप्शनिस्टला हुकूम सोडला, "चार चहा सांग गं. एक बिनसाखरेचा." दवाखाना माझा, रिसेप्शनिस्ट माझी, आणि बिनसाखरेचा कुणाला हवा ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण चहा आला आणि आम्ही प्यालो. काकांनी कप दोन्ही हातांत धरला.

दरम्यान शेठच्या तुकड्यावर आणखी एक तपासणी झाली होती. त्या पेशींमध्ये एक विशिष्ट बिघाड सापडला. बिघाड सापडला म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांनी अभिनंदन केलं, तेव्हा शेठना वाटलं हा माणूस वेडा आहे. पण त्या बिघाडावर चालणारी गोळी असते. रोज एक, घरी बसून. सलाईन नाही, केस जाणं नाही. "केस तर बापाच्या नावानं आधीच गेलेत," शेठ म्हणाले.

गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. दुपारी बाहेरच्या खोलीतून मोठ्याने बोलण्याचा आवाज आला. मी डोकावले. कॉलेजच्या तीन मुलींच्या मधे शेठ बसले होते. कपाळ, नाक, गाल, छाती, सगळीकडे लालबुंद पू भरलेल्या पुटकुळ्या. मुली त्यांना फेसवॉशबद्दल सांगत होत्या. एक म्हणत होती, "काका, फोडायच्या नाहीत हं, डाग पडतात." माझ्या रिसेप्शनिस्टने त्यांच्या हातात 'वयात येताना त्वचेची काळजी' हे माहितीपत्रक दिलं होतं.

"अठ्ठावन्न वर्षांचा माणूस हाय मी!" आत येताच शेठ कडाडले. "कामगार हसतात. नातू म्हणतो आजोबांना मुरुम आले. कॅन्सर परवडला."

मी हसले. मला थांबताच येईना. त्या गोळीने असं होतं, हे मला ठाऊक होतं. गोळी त्या पेशींना जिथे अडवते तशीच एक कडी कातडीतही असते, म्हणून तिथेही ती आपला हिसका दाखवते. पुष्कळदा हे लक्षण बरं असतं.

"शेठ, औषध अंगात पोचलंय. डोकं दाखवा."

त्यांनी मान वाकवली. केस बोटभर वाढले होते. मी ते बाजूला केले, गाठ शोधली, चिमटीत धरली. धरण्यासारखं फार उरलं नव्हतं.

"माप घेतलं?"

"काल नऊ होती."

मी मलम आणि गोळ्या लिहून दिल्या. अख्खं आयुष्य मी मुरुमांवर औषध देत आले, पण इतक्या आनंदाने कधी दिलं नव्हतं. दोन महिन्यांनी शेठ म्हणाले, तीन. त्यानंतरच्या महिन्यात त्यांनी मखमलीची डबी उघडलीच नाही. "पकडायलाच काय नाय तिथं. उगाच केस मोजू का?"

मधे एकदा त्यांनी वाइनही चाखली. कॅन्सरच्या डॉक्टरांना न विचारता, भावाच्या ओसरीवर, स्टीलच्या पेल्यातून. अनुभव मला फोन करून सांगितला. "म्याडम, चांगल्या द्राक्षांचं वाटोळं. याच्यासाठी लोक पुण्या-मुंबईहून येतात? मी काय चुकवलं नाय, खात्री पटली."

मी इथे सगळं छान झालं असं लिहीत नाही. तसं झालेलं नाही. दीड वर्षाने कानामागे वाटाण्याएवढी गाठ परत आली. ती त्यांनी पहिल्यांदा मला दाखवली, कॅन्सरच्या डॉक्टरांना नंतर. मी त्याच दिवशी तुकडा काढला. औषध बदलावं लागलं. मणक्याला किरणांचे शेक द्यावे लागले, तेव्हा ते महिनाभर वाकून चालत होते आणि वर्कशॉप मुलाच्या हातात गेलं. त्यांनी ते एकदम दिलं नाही, रोज सकाळी जाऊन मुलाच्या चुका मोजून परत येत. हा आजार जात नाही, मागे हटतो, हे त्यांना माहीत आहे. किती दिवस, असं त्यांनी मला एकदाच विचारलं. मी माहीत नाही म्हणाले, तेव्हा "बरं" म्हणून त्यांनी विषय कांद्यावर नेला.

काकांकडची माणसं हळूहळू परत आली. शेठची बायको स्वतः घाटावर जाऊन, तिच्या दिराच्या सासऱ्यांच्या दहाव्याला, सगळ्या पुरुषांना काकांच्याच समोर ओळीने बसवून आली. माफी बिफी तिने मागितली नाही. हातमोजे काका अजूनही घालत नाहीत. पण आता महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे येतं आणि म्हणतं, घाटावरच्या काकांनी पाठवलंय, डोक्याला हात लावून बघा म्हणाले. बहुतेक मेदगाठीच असतात. एकदा जुनी जखम होती, एकदा नुसतीच कवटी ओबडधोबड होती. मी प्रत्येक चिमटीत धरून बघते.

परवा शेठ आणि त्यांची बायको आले. तिसरं वर्ष चालू आहे. शेठ बारीक झालेत, चालताना कठड्याचा आधार लागतो. यावेळी बोलत ती होती. अंघोळीला पाठ चोळताना तिला एक काळपट डाग दिसला होता, जरा उंच, खरबरीत. दोघांपैकी कुणीही तो शब्द उच्चारला नाही.

"सहा मिलिमीटर," शेठ म्हणाले. "हिनं मोजलंय. नीट मोजता येत नाय तिला, पण सहा धरा."

मी दिवा ओढला. शर्ट वर केला. डाग मेणाचा थेंब पडून वाळावा तसा वरच्यावर चिकटलेला होता. चिमटीत धरून पाहिला, भिंगातून पाहिला, मग सगळी पाठ पाहिली, मान, बगल, डोकं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"काही नाही," मी म्हणाले. "साधा मस आहे. वयाचा."

"वयाचा म्हणजे?"

"म्हातारपणी येतात असे."

"म्हातारपणी?" शेठ शर्ट खाली ओढत वळले. "मी काय म्हातारा झालो का काय?"

बायको हसायला लागली. आधी पदराआड, मग मोकळीच. हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत. "अजून येतील का हो म्याडम?" तिने विचारलं.

"येतील की. पाठभर येतील."

"जाळून टाका," शेठ म्हणाले. "वाईट दिसतं."

"कुणाला दिसतं तुमच्या पाठीवर?" ती म्हणाली. "राहू द्या तो." आणि मी काही बोलायच्या आत तिने त्यांचा हात धरून त्यांना उठवलं, कारण तिला मार्केटातून मेथी घ्यायची होती आणि उशिरा गेलं की मेलेली मेथी मिळते. जिना उतरताना शेठ सांगत होते की घरी आधीच दोन जुड्या आहेत.